हलक्या .३२ रिव्हॉल्व्हरला तेज काडतूस चालेल का? कानपूरचं जुनं मॉडेल, निर्भीक आणि प्रबल यांचं परीक्षण

.३२ रिव्हॉल्व्हर घ्यायला दुकानात आलेला माणूस हमखास दोन गोष्टी विचारतो: वजन किती, आणि यात जरा जोरदार काडतूस चालेल का. वजन माहितीपत्रकात छापलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठेच छापलेलं नसतं, आणि काउंटरवर जे सांगितलं जातं ते बरेचदा ऐकीव असतं. पुणेकरांच्या परवान्यांवर जी रिव्हॉल्व्हर दिसतात त्यांतली तीन इथे घेतली आहेत: कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं .३२, निर्भीक आणि प्रबल. त्यांत लोक भरू पाहतात त्या काडतुसांबद्दलही सविस्तर लिहिलं आहे. आमचं मत आधीच सांगतो. तिन्हींत प्रमाणित दाबाचं .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच भरावं. तेज काडतुसाने पहिल्याच गोळीला सिलिंडर फुटेल असं नाही, पण रिव्हॉल्व्हर जिथे आधीच नाजूक असतं नेमक्या त्याच जागी झीज वाढते.

काडतुसाची ओळख नीट करून घेऊ, कारण निम्मा घोळ नावांचाच आहे. आपल्याकडे ‘.३२ रिव्हॉल्व्हरचं’ म्हणून मिळतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, मेट्रिक नाव ७.६५ बाय २३ मिमी. हे १८९६ मध्ये आलं. नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे ६.३५ ग्रॅम, शिशाची, गोल नाकाची. चार इंची नळीतून तिचा वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास आणि ऊर्जा दीडशे ज्यूलच्या जवळपास. सामी या अमेरिकी मानक संस्थेने याची कमाल दाबमर्यादा १५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठेवली आहे. आता शेजारचे आकडे पाहा: .३८ स्पेशल १७,०००, .३२ पिस्तुलाचं काडतूस २०,५००, .३५७ मॅग्नम ३५,०००, .३२७ फेडरल मॅग्नम ४५,०००. या शेवटच्याची गोळी आपल्या .३२ एवढ्याच जाडीची असते, दाब मात्र तिप्पट. म्हणून ‘.३२ म्हणजे .३२’ हे वाक्य धोक्याचं आहे.

इंटरनेटवर छोट्या रिव्हॉल्व्हरमधल्या ‘+पी’ काडतुसांची जी लांबलचक चर्चा सापडते ती जवळजवळ सगळी .३८ स्पेशलबद्दल आहे. तिथे +पी ला ठरलेला अर्थ आहे: १७,००० ऐवजी २०,००० पीएसआय. कोणतं जुनं हलकं मॉडेल ते सोसतं आणि कोणतं नाही, हा वाद त्या देशात खरा आहे. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगला +पी चं मानकच नाही. ९ मिमी, .३८ स्पेशल, .३८ सुपर, .४५ एसीपी अशा मोजक्या काडतुसांनाच ते आहे. त्यामुळे .३२ च्या डबीवर +पी लिहिलेलं दिसलं तर आतला दाब किती, हे त्या दोन खुणांवरून कळत नाही. तो कारखानदाराचा स्वतःचा शब्द झाला. शिवाय .३८ आणि ९ मिमी ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीची मापं), म्हणजे सामान्य परवानाधारकाच्या हातात बहुधा येतं ते .३२ च. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यामुळे एकाच छोट्या रिव्हॉल्व्हरकडून सगळी कामं करून घ्यायची इच्छा होते, हे आम्हाला समजतं. पण ती इच्छा धातूला कळत नाही.

जोर कुठे बसतो

दारू पेटली की दाब सगळीकडे सारखा पडतो. चेंबरची (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घराची) भिंत बाहेर ढकलली जाते, गोळी पुढे जाते, आणि पुंगळीचा (काडतुसाच्या धातूच्या कवचाचा) तळ तेवढ्याच जोराने मागे, फ्रेमवर, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर, आदळतो. लोक विचार करतात तो फक्त चेंबरच्या भिंतीचा. खरी झीज तळाच्या धक्क्याने होते.

हिशोब सोपा आहे. पुंगळीच्या आतल्या बाजूचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मिलिमीटर. १५,००० पीएसआय म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०३ न्यूटन. गुणाकार केला की मागचा धक्का साधारण ५,१०० न्यूटन, म्हणजे ५२० किलो वजनाएवढा येतो. पुंगळी चेंबरला चिकटते आणि घर्षणाने यातला काही भाग खाते, पण चेंबरमध्ये तेल राहिलं असेल तर तो फायदाही कमी होतो. म्हणून भरण्याआधी चेंबर कोरडे पुसायचे, ओशट ठेवायचे नाहीत. .३२ पिस्तुलाच्या दाबाला हाच आकडा ७१० किलोच्या घरात जातो आणि .३२७ च्या दाबाला १,५५० किलोच्या पुढे.

हे आकडे लक्षात ठेवून कानपूरच्या जुन्या .३२ कडे पाहा. त्याचा वंश वेब्ली मार्क फोरचा. सहा गोळ्या, ७६ मिमी नळी, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, आणि नळी पुढच्या बिजागरीवर खाली मोडून उघडायची. मूळ वेब्ली .३८ एस अँड डब्ल्यू कुळातल्या काडतुसासाठी होतं. त्या काडतुसाची सामी मर्यादा १४,५०० पीएसआय, पण पुंगळी रुंद, त्यामुळे तळाचा धक्का ६७० किलोच्या जवळ जातो. तीच रचना .३२ ला वापरल्यावर धक्का ५२० वर उतरतो. म्हणजे प्रमाणित .३२ ला या बांधणीत चांगली सवलत आहे, आणि हे रिव्हॉल्व्हर साध्या काडतुसावर वर्षानुवर्षं टिकतं त्यामागचं एक कारण हेच. ‘याच्या सिलिंडरची भिंत जाड आहे, काही होत नाही’ असं जे म्हटलं जातं तेही सिलिंडरपुरतं खरं आहे. अडचण वरच्या खिट्टीत आहे.

मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या फ्रेमला वरून अखंड पट्टी नसते. गोळी सुटताना मागचा भाग मागे आणि नळी पुढे ताणली जाते, आणि दोघांना धरून ठेवतात ती खाली बिजागरीची पिन आणि वर घोड्यापुढची खिट्टी. प्रत्येक गोळीला खिट्टीचा काठ त्याच जागी दाबला जातो. दाब मर्यादेत असेल तर पोलाद लवचिकपणे परत येतं. मर्यादेबाहेर गेलं की दर वेळी अगदी सूक्ष्म, पण कायमचं दबतं. काही दिवसांनी नळी आणि फ्रेम यांच्यात फट पडते, मग पुढच्या गोळीला दोन्ही भाग आधी त्या फटीइतके धावतात आणि मग आदळतात. इथून झीज झपाट्याने वाढते, कारण आता नुसता ताण राहत नाही, दर गोळीला हातोडा बसतो. चेंबर शाबूत, नळी शाबूत, आणि रिव्हॉल्व्हर मात्र निकामी, असा हा प्रकार असतो. दुरुस्तीही सोपी नाही: खिट्टीच्या काठावर धातू चढवून परत घासणं हे काम परवानाधारक, जाणत्या आर्मररकडेच (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडेच) द्यायचं असतं, आणि एकदा ढिली पडलेली बिजागरी पहिल्यासारखी क्वचितच होते.

पिस्तुलाचं .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये: सर्वांत मोठी चूक

आपल्याकडे ‘तेज काडतूस’ म्हणजे परदेशी महागडी डबी असेलच असं नाही. बरेचदा तो शेजाऱ्याच्या किंवा घरातल्याच दुसऱ्या परवान्यावरच्या पिस्तुलाचा खुराक असतो. अशनीसारखं .३२ पिस्तूल ७.६५ बाय १७ मिमी, म्हणजे .३२ एसीपी काडतूस वापरतं. हे काडतूस .३२ लाँगच्या बऱ्याच सिलिंडरांत आत जातं, आणि घोडा पडला तर सुटतंही. पुंगळीचा व्यास दोन्हींचा सारखा, साडेआठ मिलिमीटरच्या किंचित वर, म्हणून ही गफलत होते.

फरक रिममध्ये, म्हणजे पुंगळीच्या तळाच्या कडेत आहे. लाँगच्या रिमचा व्यास ९.५ मिमी आणि जाडी सुमारे १.४ मिमी. पिस्तुलाच्या रिमचा व्यास ९.१ आणि जाडी १.१५ च्या जवळ. म्हणजे पिस्तुलाचं काडतूस चेंबरच्या काठावर जेमतेम टेकतं आणि मागे पाव मिलिमीटर मोकळं राहतं. सुटताना ते आधी मागे धावतं, मग फ्रेमवर आपटतं. दाब २०,५००, वर हा धावता धक्का. वेब्लीच्या बांधणीतली ६७० किलोपर्यंतची सवलत इथे संपते. शिवाय १७ मिमीच्या पुंगळीतून निघालेली गोळी चेंबरच्या रिकाम्या भागातून आधार नसताना पुढे जाते, आणि काजळीचं कडं चेंबरच्या मध्यावर बसतं. पुढे लाँग भरताना ते अडतं. अडलेलं काडतूस अंगठ्याने दाबून बसवू नका. चेंबर ब्रशने साफ करा. ते कडं पुंगळीच्या तोंडाला आवळून धरतं, गोळीला सुटायला जागा कमी पडते आणि साध्या काडतुसाचाही दाब वाढतो.

ओळखायचं कसं? टेबलावर दोन्ही उभी करा. २३ मिमीची पुंगळी १७ मिमीपेक्षा नजरेत भरेल एवढी उंच असते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची रिम भिंतीच्या बाहेर स्पष्ट आलेली, नखाला लागते. पिस्तुलाच्या रिमच्या पुढे खाच कापलेली असते. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांवर तळाशी केएफ ही अक्षरं असतात, पण ती कारखान्याची खूण आहे, बोअरची नाही. दोन्ही शस्त्रं एका घरात असतील तर काडतुसं वेगवेगळ्या कपाटांत ठेवावीत, एका डब्यात चिठ्ठी लावून नव्हे.

जुन्या घरांतून वारशाने आलेल्या रिव्हॉल्व्हरबरोबर कधी कधी जुन्या डब्याही येतात. ‘.३२ कोल्ट न्यू पोलिस’ म्हणजे आपलं लाँगच, नाव वेगळं. ‘.३२ लाँग कोल्ट’ मात्र वेगळं आणि अंगाने बारीक; ते भरू नये. नुसतं ‘.३२ एस अँड डब्ल्यू’ म्हणजे १८७८ चं आखूड काडतूस, पुंगळी १५.४ मिमीची, ताकद कमी. ते लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुटतं, पण आखूड काडतुसासाठी बनलेल्या जुन्या छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये लाँग कधीही भरायचं नाही.

निर्भीक

२०१४ च्या जानेवारीत आलेलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून जाहिरात झालेलं. सुरुवातीची किंमत १,२२,३६० रुपये होती. पर्समध्ये किंवा कमरेला ते खरोखर हलकं वाटतं, आणि ज्याला रोज जवळ बाळगायचं आहे त्याला २०० ग्रॅमचा फरक संध्याकाळी कळतो. हा गुण आम्ही मोठा मानतो.

पण वजन कमी झालं की झटका वाढतो, यातून सुटका नाही. साध्या ९८ ग्रेन काडतुसाला ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर सेकंदाला साधारण सव्वादोन मीटर वेगाने मागे येतं, ५०० ग्रॅमचं तीन मीटरच्या वर. परदेशात विकली जाणारी ११५ ग्रेनची जड, वेगवान काडतुसं यात भरली तर हा वेग साडेचार मीटरपर्यंत जाईल आणि झटक्याची ऊर्जा साध्या काडतुसाच्या दुप्पट होईल. हात दुखेल, दुसरी गोळी लागायला वेळ लागेल, एवढंच असतं तरी चाललं असतं. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये आणखी एक गोष्ट घडते: दर झटक्याला उरलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या मागे ओढल्या जातात आणि जड गोळ्या जडत्वाने जागच्या जागी राहतात, म्हणजे पुंगळीतून हळूहळू पुढे निघतात. तिसऱ्या-चौथ्या गोळीपर्यंत एखादं नाक सिलिंडरच्या पुढे आलं की ते फ्रेमला किंवा नळीच्या मागच्या तोंडाला अडतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. संकटात हे झालं तर रिव्हॉल्व्हर जागेवर सोडवता येत नाही.

नवी डबी घेतली की हे तपासता येतं. रेंजवर सहा काडतुसं भरा, पण एकाची एकूण लांबी आधी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा आणि ते कोणत्या चेंबरात आहे ते लक्षात ठेवा. लाँगची कमाल लांबी ३२.५ मिमी. पाच गोळ्या झाडा, सहावं तेच राहू द्या, बाहेर काढून परत मोजा. पाव मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर डबी वापरण्यासारखी. अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेलं तर ती डबी या रिव्हॉल्व्हरसाठी नको, मग त्यावर कोणतंही नाव छापलेलं असो. बाहेर आलेली गोळी बोटाने आत ढकलून ते काडतूस वापरू नका: खोल बसलेल्या गोळीमुळे दारूला जागा कमी मिळते आणि दाब चढतो.

मिश्रधातूच्या भागांवर वाळूचा कागद, तारेचा जाड ब्रश किंवा भांड्यांची घासणी वापरू नये. काजळीचा काळा डाग राहिला तर राहू द्या. तो घासून काढताना पृष्ठभाग खरवडला की पुढची झीज तिथूनच सुरू होते.

प्रबल

१८ ऑगस्ट २०२३ ला आलेलं प्रबल हे या तिघांत आमच्या पसंतीचं. वजन काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी, आणि मुख्य म्हणजे सिलिंडर बाजूला उघडतो. फ्रेम वरून अखंड आहे, मोडणारी खिट्टी नाही, त्यामुळे मागे-पुढे ताणणारा जोर वरची पट्टी आणि खालचा भाग मिळून वाहून नेतात. बांधणी म्हणून हे मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरपेक्षा सरस आहे, याबद्दल दुमत नसावं. माहितीपत्रकातला ५० मीटरचा पल्ला ऐकून मात्र हुरळून जाऊ नये. ७६ मिमी नळी आणि एवढ्या जवळजवळच्या साइटवर (नेम धरायच्या खुणांवर) नेम धरून स्वसंरक्षणाचं अंतर खोलीच्या लांबीएवढंच असतं.

अखंड फ्रेम आहे म्हणून तेज काडतूस चालेल, हा निष्कर्ष मात्र चुकीचा. छोट्या फ्रेममध्ये दोन पातळ जागा उरतातच. एक, सहा चेंबरच्या सिलिंडरवर त्याला जागेवर थांबवणाऱ्या अडकणीची खाच चेंबरच्या अगदी वर, भिंतीच्या सर्वांत पातळ भागावर येते. जास्त दाबाने आधी तिथे आतून फुगवटा येतो आणि पुंगळ्या अडकू लागतात. दुसरी, नळीचं मागचं निमुळतं तोंड, जिथे सिलिंडरमधून उडी मारून गोळी शिरते. तिथे गरम वायूचा झोत बसतो आणि काठ झिजतो. शिवाय फ्रेम ताणली की सिलिंडर मागे-पुढे हलायला लागतो, आणि तो हलला की दर गोळीला पुढे-मागे आपटतो.

बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरच्या बाबतीत एक सवय आवर्जून टाळावी: मनगटाला झटका देऊन तो बंद करणं. त्याने सिलिंडर ज्या आडव्या दांड्यावर फिरतो तो दांडा वाकतो, चेंबर नळीच्या सरळ रेषेत येत नाहीत, आणि गोळी निमुळत्या तोंडाचा काठ ओरबाडत जाते. बाजूने शिशाचे कण उडायला लागले की समजावं. दुसऱ्या हाताच्या बोटांनी हलकेच बंद करावा. पुंगळ्या काढताना नळी वर धरून बाहेर ढकलणारी दांडी एकदाच, पूर्ण आणि जोरात दाबावी, म्हणजे न जळलेले दारूचे कण स्टारखाली (पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीखाली) पडत नाहीत. एक कण अडकला तरी सिलिंडर जड फिरतो आणि लोकांना वाटतं स्प्रिंग गेली. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये हेच वेगळ्या रीतीने होतं: नळी अर्धी उघडून थांबलं की एखादी पुंगळी स्टारखाली सरकते. रिव्हॉल्व्हर थोडं आडवं धरून एका दमात पूर्ण उघडावं.

काय भरावं

खडकीचं साधं काडतूस तिन्हींसाठी योग्य. पुण्यात १८६९ पासून दारूगोळा बनवणारा कारखाना शेजारी असताना त्याच बोअरचं, त्याच दाबाचं काडतूस शोधत लांब जाण्याचं कारण नाही. डबीवरचं वर्ष पाहून अलीकडचं घ्यावं आणि एका वर्षाच्या सगळ्या डब्या एकत्र ठेवाव्यात.

रेंजवर अचूकतेसाठी वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचं काडतूस, उत्तम. २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमी बोअर चालतं आणि तिथे .३२ लाँग वॉडकटर वर्षानुवर्षं पसंतीचं आहे. गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसलेली, दाब सौम्य, कागदावर स्वच्छ गोल भोक. बालेवाडीच्या रेंजवर सरावाला जाणाऱ्याला हे ठाऊक असतं. स्वसंरक्षणाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घाईत भरताना मात्र सपाट तोंड चेंबरच्या काठाला अडतं, म्हणून घरात गोल नाकाचंच ठेवावं.

परदेशी जड, तेज काडतुसांचे आकडे कागदावर आकर्षक आहेत हे खरं. चांगल्या डबीतून ऊर्जा दीडशेवरून अडीचशे ज्यूलच्या पुढे जाते. पण ते आकडे बहुधा लांब नळीचे असतात. ७६ मिमीत त्यातला बराच भाग नळीबाहेरच्या ज्वाळेत जातो. शिवाय पक्क्या बसवलेल्या साइटवर नेम बदलतो, म्हणजे सराव एका काडतुसाचा आणि संकटात दुसरंच, अशी स्थिती होते. हातात धरून मारणाऱ्याच्या दृष्टीने पहिली गोळी नेमकी लागणं शंभर ज्यूलपेक्षा मोलाचं आहे.

घरी भरलेली काडतुसं घेऊच नयेत. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि दाब किती हे भरणाऱ्यालाही माहीत नसतं. चेंबर आतून कापून .३२ मॅग्नम बसवून देतो म्हणणाऱ्या कारागिराकडे तर फिरकूही नये.

एप्रिल-मेमध्ये काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तापलेली दारू वेगाने जळते आणि साध्या डबीचाही दाब वर सरकतो.

तपासणी

‘प्रायमर (पुंगळीच्या तळाची, दारू पेटवणारी टोपी) चपटा झाला नाही, म्हणजे दाब ठीक’ हा नियम रायफलवाल्यांचा. ३५,००० पीएसआय सोसणारे प्रायमर १५,००० च्या काडतुसात दुप्पट दाबालाही गोलच दिसतात. इथे खरी खूण पुंगळीची. सहा पुंगळ्या बोटाच्या जोराने बाहेर आल्या पाहिजेत. दांडीला तळहात मारावा लागला, किंवा खिट्टी उघडायला अंगठा दुखला, तर ती डबी तिथेच बंद करा.

दर ५० गोळ्यांनंतर, आणि जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेण्याआधी, पुढची पाहणी करावी. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची नळी एका हातात, मूठ दुसऱ्या हातात धरा आणि वर-खाली हळूच मुरडा. खटका जाणवला किंवा दिव्यासमोर खिट्टीखाली प्रकाशाची रेघ दिसली तर झाडायचं नाही. मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या. सिलिंडर पुढे ढकलून नळी आणि सिलिंडरमधली फट मोजा, मग मागे ओढून मोजा. मागे असताना ०.१० ते ०.२० मिमी चांगली, ०.३० च्या पुढे गेली तर शिसं आणि ज्वाळा बाजूने उडतात. दोन मोजमापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा हेलकावा. तो ०.०८ मिमीच्या पुढे असेल तर आर्मररला दाखवा. शेवटी सिलिंडरवर बोटाचा हलका अटकाव ठेवून घोडा अगदी सावकाश ओढा. घोडा अडकण्याआधी सिलिंडरची अडकण बसलीच पाहिजे. सहाही चेंबरवर. एका चेंबरवर उशिरा बसली तर गोळी नळीच्या काठावर आपटणार.

एका गोष्टीकडे मात्र दाबाच्या चर्चेत दुर्लक्ष होतं. छोट्या रिव्हॉल्व्हरची नळी फुगण्याचं नेहमीचं कारण तेज नव्हे, मंद काडतूस असतं. आवाज फुसका आला, झटका जाणवला नाही, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. त्या क्षणी थांबा. अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेला ठेवा, सगळी काडतुसं काढा, मागून उजेड दाखवून नळी आरपार दिसते का पाहा. दिसत नसेल तर लाकडी किंवा पितळी दांडीने, आर्मररकडून, गोळी बाहेर काढून घ्या. मागून दुसरी झाडली तर नळीला कडं पडतं आणि ते कधीच निघत नाही.

निवडणूक आचारसंहितेत अनेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, आणि पावसाळ्यात ते महिनाभर दमट खोलीत राहिलेलं असतं. परत मिळालं की आधी भरू नका. नळीत सुती चिंधी फिरवा, चेंबर एकेक करून दिव्यासमोर धरा, खिट्टी आणि बिजागरीच्या पिनेवर तांबूस डाग आहेत का पाहा, आणि वरची फिलर गेजची मापं पुन्हा घेऊन आधीच्या नोंदीशी ताडून पाहा. जमा केलेली काडतुसं परत आली असतील तर त्यांचे तळ पुसून पाहा. प्रायमरभोवती हिरवट थर असलेलं प्रत्येक काडतूस बाजूला काढा आणि ते नष्ट करण्याबाबत परवाना देणाऱ्या कार्यालयालाच विचारा, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी.